अडीच किलोमीटरची जिवलीबाई

आमच्या साइडिंगच्या इंजिनाला दोन वर्षं हॉर्न नव्हता. ड्रायव्हर बबलूभाई कॅबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा, जेवणाच्या स्टीलच्या थाळीवर पाना बडवायचा आणि ओरडायचा, "हटो भाई, हटो! गाडी आ रही है!" थाळी पार चेमटून गेली होती. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी दचकायचा, दुसऱ्या दिवशी हसायचा आणि आठवडाभरात त्याचं त्याला काही वाटेनासं व्हायचं. आमचं सगळ्यांचं तेच झालं होतं.

मी रामकिसन. मूळचा गंगाखेडकडचा, पण बोईसरला येऊन एकोणीस वर्षं झाली. राहतो सरावलीत, आणि मेघवर्ण रोलिंग मिलच्या स्टोअरमध्ये काम करतो. मिलच्या मालकीची अडीच किलोमीटरची रेल्वेलाईन आहे. मोठ्या लाईनीवरून वॅगन आमच्याकडे वळतात, पोलादाचे ठोकळे आणतात, सळ्या घेऊन जातात. या आतल्या लाईनीलाच साइडिंग म्हणायचं. ती मिलची, त्यामुळे तिची देखभालही मिलनेच करायची. आणि तीच होत नव्हती.

नुसता हॉर्न नव्हे. वॅगन उचलायच्या जॅकमधून तेल गळायचं, म्हणून त्याच्याखाली विटा रचून ठेवायचे. गाडी दुसऱ्या रुळावर घ्यायला सांधा बदलायचा लिव्हर इतका जाम की दोन माणसं त्याला लोंबकळायची, तेव्हा कुठे तो हलायचा. काही वॅगनींचे हँडब्रेक लागतच नसत. चाकाखाली लाकडी पाचर ठोकून त्या उभ्या करायच्या. यार्डाचे मॅनेजर दिग्विजयसाहेब माणूस वाईट नाही, पण कुणी काही सांगायला गेलं की ते एकच विचारायचे, "चालतंय ना?" चालत तर होतंच. मग सांगणारा "हो साहेब" म्हणून परत यायचा.

मी स्टोअरमध्ये बसून हे सगळं बघत होतो. माझा एक नियम होता: चिट्ठीवर सही असल्याशिवाय वस्तू बाहेर जाणार नाही. एकोणीस वर्षांत स्टोअरमधून एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही, याचा मला फार अभिमान होता.

जिवली वरठा पहिल्यांदा आली ती गवत कापायला. पाऊस ओसरला की रुळांच्या दोन्ही बाजूंना कमरेइतकं गवत माजतं. ते कापायला ठेकेदार दहा-बारा बाया आणतो. त्यांच्यातलीच ही एक. पस्तिशीची असेल, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे सरळ बघणारी. मासवणच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर तिचा पाडा. तिथे पावसाच्या पाण्यावर पिकणारं थोडं भात आणि नागली. दिवाळी झाली की नवरा कमलेश आणि ती भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती थेट उन्हाळा संपताना परत. त्या वर्षी मात्र त्यांची मुलगी भावना दहावीला होती. आईबाप लांब गेले की पोर शाळा सोडून मागे येते, हे आधी एकदा झालेलं. म्हणून दोघांनी जवळच काम धरलं. तो गवंड्याच्या हाताखाली, ही आमच्या लाईनीवर.

एका दुपारी मी जेवून बाहेर फेरी मारत होतो. बाकीच्या बाया करंजाच्या सावलीत टेकल्या होत्या. जिवली मात्र एकटीच उन्हात चालत होती आणि दर चार पावलांवर वाकून कोयत्याच्या पाठीने रूळ ठोकत होती. टण्. टण्. टण्. मग एकदम भद्द.

"काय बाई, आराम नको का?" मी विचारलं.

"वाजवून बगते," ती म्हणाली.

"रूळ?"

"भट्टीवर आमी वीट वाजवून बगतो ना. पक्की वीट चांगली बोलते. कच्ची असली तर भद्द करते. तुमचा रूळ इतं चांगला बोलतो, तितं नाय बोलत."

मला हसू आलं. रूळ म्हणजे काय वीट आहे? तिने काही वाद घातला नाही. ती खाली बसली आणि जिथे भद्द आवाज आला होता तिथलं गवत हाताने बाजूला केलं. रूळ आणि त्याखालचे आडवे स्लीपर यांना एकत्र धरून ठेवणारी लोखंडी चावी असते, मोठ्या वाकवलेल्या पिनेसारखी. तिथल्या दोन चाव्या नव्हत्याच. तिसरी होती, ती जिवलीने दोन बोटांनी उपसून माझ्या हातात दिली. गंजून हलकी झालेली.

"ही कशाला लावतात, भाऊ?"

"रूळ जागेवर राहावा म्हणून."

"मग इतं कसा ऱ्हातो?"

मी घड्याळात बघितलं आणि दुपारची सुट्टी संपली असं म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी ती स्टोअरच्या खिडकीशी हजर. "भाऊ, चाव्या हायत का?"

"आहेत. चिट्ठी आण सही केलेली."

ती सुपरवायझरकडे गेली. गवत कापणाऱ्या बाईला चाव्या कशाला हव्यात, म्हणून त्याने हसून परत पाठवलं. ती पुन्हा खिडकीशी आली. मी पुन्हा चिट्ठी मागितली. असं चारदा झालं. चौथ्यांदा तिने आत डोकावून बघितलं. ताडपत्रीखाली बारा पोती होती, प्रत्येकात पन्नास चाव्या. ताडपत्री फाटली होती, त्यातून एक पोतं दिसत होतं.

"त्याच हायत ना?"

"त्याच आहेत. पण नियम नियम असतो, बाई."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. तिने आवाज चढवला नाही, याचं मला बरं वाटलं. मला वाटलं, विषय संपला.

चार दिवसांनी बबलूभाई स्टोअरमध्ये येऊन पोट धरून हसायला लागला. "अरे रामकिसनभाई, बाहेर तो आओ! लाईन पे मेला लगा है!"

बाहेर जाऊन बघतो तर काय, रुळांच्या कडेने चिंध्याच चिंध्या. लाल, हिरव्या, जुन्या लुगड्याच्या, सिमेंटच्या गोणीच्या. जिथे जिथे चावी नाही, तिथे तिथे स्लीपरच्या भोकातून ओवून एक फडकं बांधलेलं. नवसाच्या झाडासारखी लाईन दिसत होती. गवत कापता कापता जिवलीने अडीच किलोमीटर वाजवून काढले होते. वळणावर फडकी दाट होती. मिलच्या फाटकाजवळ, जिथे लाईन वळते आणि दुभंगते, तिथे लागोपाठ सात स्लीपरना फडकी होती.

दिग्विजयसाहेबांनीही बघितलं. "हे काय लावलंय?" सुपरवायझर म्हणाला, बायांनी खूण केलीय, कुठवर गवत कापलं त्याची. साहेब म्हणाले, "बरं," आणि निघून गेले. मला खरं काय ते माहीत होतं. मी गप्प बसलो.

फडकी वाऱ्यावर हलत राहिली. गवताचं काम संपलं, पण ठेकेदाराने जिवलीला यार्ड झाडायला ठेवून घेतलं. बबलूला मात्र त्या फडक्यांचा उपयोग कळला होता. दाट फडकी दिसली की तो इंजिन माणसाच्या चालीवर आणायचा. "बहनजी ने झंडी दिखाई है," म्हणायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी बबलू आठ रिकाम्या वॅगनी ढकलत मिलच्या फाटकाकडे नेत होता. चाल अगदी हळू. मी स्टोअरमध्ये होतो. आधी करकर आवाज आला, मग धाडकन, आणि मग बबलूची थाळी जिवाच्या आकांताने वाजायला लागली. धावत गेलो. तिसऱ्या वॅगनची चाकं रुळावरून आत उतरून खडीत रुतली होती. सात फडकी होती तिथेच रूळ बाहेर सरकला होता, हाताची चार बोटं जातील एवढा. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. सांध्यावरच्या माणसाने आपला डबा रुळाकडेला ठेवला होता, तेवढा चपटा झाला.

वॅगन उचलायला विटांवरचा तो गळका जॅक आणला. अर्धी वॅगन वर आली की जॅक सुस्कारा टाकून खाली बसायचा. दीड दिवस गेला. तोवर आत भट्टी थंड, मिल बंद, आणि दिग्विजयसाहेबांचा फोन सारखा वाजतोय. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच यार्डात एकच वाक्य फिरायला लागलं: बबलूने गाडी जोरात आणली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी बायकोला, पुष्पलताला, सगळं सांगितलं. बबलूवर आळ येतोय हेही सांगितलं. तिने भाकरी तव्यावरून काढली आणि विचारलं, "चाव्या तुमच्याकडं होत्या ना?"

"होत्या. पण चिट्ठी..."

तिने ताटात भाकरी वाढली आणि आत गेली. मी ती भाकरी बराच वेळ मोडत बसलो होतो.

चौकशीसाठी मिलने बाहेरून रुळांच्या जाणकार इंजिनिअर बोलावल्या, प्रियदर्शिनी मॅडम. चाळिशीच्या असतील. मला वाटलं, केबिनमध्ये चहा घेऊन कागद मागतील. त्या आल्या त्या बूट घालूनच, आणि आधी लाईन चालायला निघाल्या. दिग्विजयसाहेब, सुपरवायझर, बबलू आणि मी मागे. फाटकाशी त्या थांबल्या आणि एका फडक्याला हात लावून म्हणाल्या, "ही कुणी बांधली?"

सुपरवायझर ते गवताचं सांगायला लागला. मॅडम म्हणाल्या, "गवत कापणारा माणूस बरोबर चावी नसलेल्याच भोकात फडकं ओवतो? एकही चूक न करता? मी आत्ता दोनशे मोजली."

जिवली थोड्या अंतरावर खराटा घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. नाव सांगितलं तर ठेकेदार उद्या काढून टाकेल, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. बबलू मान खाली घालून उभा होता. मग मी म्हणालो, "मॅडम, पाच मिनिटं थांबा."

स्टोअरमध्ये जाऊन मी एक पोतं हातगाडीवर टाकलं आणि ढकलत आणलं. सगळ्यांसमोर सोडलं. चाव्या खणखणत खडीवर पडल्या. "ही जिवली वरठा," मी सांगितलं. "फडकी तिने बांधलीत. त्याआधी चारदा माझ्याकडे चाव्या मागायला आली होती. माझ्याकडे सहाशे चाव्या होत्या. मी चिट्ठी मागत बसलो. बबलूची चाल हळूच होती, साहेब. तो फडकी बघून चालवायचा. आम्हीच बघत नव्हतो."

वाटलं, नोकरी गेली. दिग्विजयसाहेब लालबुंद झाले. पण मॅडम जिवलीकडे गेल्या. "तुला कसं कळलं?"

जिवलीने खराट्याचा दांडा रुळावर आपटून दाखवला, मग पुढे जाऊन पुन्हा आपटला. मॅडमनी कान देऊन ऐकलं. स्वतःच्या पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि तिच्या हातात दिली. "आता वाजव." पुढचा अर्धा किलोमीटर त्या दोघी पुढे आणि आम्ही मागे. जिवली सांगायची, मॅडम वाकून बघायच्या. दोनदाच जिवली चुकली. एका ठिकाणी तर मॅडमची नजर सुटली होती आणि जिवलीने दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीतली चीर शोधून दिली.

परतताना सगळेच दमले होते. करंजाच्या सावलीत बसलो. दिग्विजयसाहेब रुमालाने मान पुसत होते. काय मनात आलं कोण जाणे, राग होता की खरंच विचारायचं होतं, पण त्यांनी जिवलीला विचारलं, "मग तूच सांग. तुझ्या हातात दिली असती तर तू कशी चालवली असतीस ही लाईन?"

जिवलीने फडक्यातली तांदळाची भाकरी सोडली होती. ती घास धरून थांबली. "खरं सांगू, साहेब?"

"सांग."

"पयलं तर बबलूभाईला भोंगा द्या. तो थाळी वाजवतो, तुमाला गंमत वाटते. आमी लाईनीत वाकून काम करतो, आमाला नाय वाटत."

बबलूने जोरात मान हलवली.

"आनि जो लाईनीवर चालतो त्याच्याच पिशवीत चाव्या पायजेत. हातोडी पायजे. सापडलं की लावलं. मंग चिट्ठी लिवा, दोन लिवा, आमी अंगठा देऊ. पण आधी लावायचं." माझ्याकडे बघून तिने जरा हसल्यासारखं केलं. "लाईन वाटून द्या. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत एका जोडीची. आज हा, उद्या तो, असं केलं तर कुनाचीच नाय. भट्टीवर पन ज्याच्या त्याच्या विटा येगळ्या रचतात. कच्ची निघाली की कुनाची ते कळतं."

"आणखी?" प्रियदर्शिनी मॅडम वहीत लिहून घेत होत्या.

"लाईनीला सुट्टी द्या. आठवड्यातून एक सकाळ गाडी नाय म्हंजे नाय. गाडी चालू असताना काय बगनार? ती आली की पलायचंच काम."

"आणि त्या वेळी गाडी आली तर?" साहेबांनी विचारलं.

"थांबंल की. आता दीड दिवस थांबलीच ना?"

आधी मॅडम हसल्या, आणि त्यांच्यामागोमाग बबलू. दिग्विजयसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी नकारही दिला नाही. ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "रामकिसन, ती पोती बाहेर काढ सगळी."

मॅडमच्या अहवालात बबलूचं नाव कुठेच नव्हतं. लाईनीबद्दल मात्र अकरा पानं होती. दोन महिन्यांत मिलने जिवलीला ठेकेदाराकडून काढून आपल्या हजेरीवर घेतलं. हुद्दा काय द्यायचा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी "लाईन मुकादम" असं ठरलं. तिच्या हाताखाली सहा जण, त्यात चार बाया. एकाला बाईच्या हाताखाली काम करायचं नव्हतं, तो आठ दिवस तोंड वाकडं करून फिरला. मग जिवलीने त्याला फाटकाजवळचा सगळ्यात अवघड तुकडा दिला आणि "हा तुलाच जमंल" असं सांगितलं. तेव्हापासून तो तुकडा बघायला तो लोकांना बोलावून नेतो.

बबलूच्या इंजिनाला हॉर्न बसला त्या दिवशी त्याने तो इतका वाजवला की सरावलीपर्यंत गेला असेल. शेवटी साहेबांनी खिडकीतून हात जोडले. जॅक नवीन आला. लिव्हरला ग्रीस लागलं आणि तो एका माणसाच्या एका हाताने हलायला लागला. इतकी वर्षं दोघं लोंबकळत होते ते फक्त ग्रीसच्या एका डब्यापायी, हे कळल्यावर ते दोघं काही वेळ एकमेकांकडे बघतच राहिले.

मीही बदललो, थोडासा. स्टोअरच्या बाहेर एक पेटी ठेवली. त्यात चाव्या, बोल्ट, ग्रीस, पाचरी. लाईनवाल्यांनी घ्यायचं आणि संध्याकाळी सांगायचं. पहिला महिना मला झोप नीट लागली नाही, सारखं वाटायचं पेटी रिकामी होणार. झाली नाही. उलट जिवली गंजलेल्या जुन्या चाव्या एकेक करून परत आणून द्यायची. वर मला बजावायची, "भाऊ, पेटीला झाकन लावा. पावसात तुमचा माल भिजंल."

लाईनीची सुट्टी ठरली बुधवारी सकाळी आठ ते बारा. सुरुवातीचे पाच-सहा बुधवार सुरळीत गेले. मग एका बुधवारी नऊच्या सुमाराला मोठ्या लाईनीवरून आमची गाडी आली. वरून फोनवर फोन. दिग्विजयसाहेब तरातरा लाईनीवर आले. जिवलीच्या लोकांनी वळणावर चाव्या काढून ग्रीस लावायला घेतलं होतं, दोन्ही टोकांना लाल झेंडे लावले होते.

"जिवलीबाई, आजच्या दिवस आवरा. गाडी आत घ्यायचीय."

"बारा वाजता घ्या, साहेब."

"अहो, वरून फोन आहेत मला!"

"मला पन कळतंय. पण बारा वाजता."

साहेब बबलूकडे वळले. बबलूने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि पायरीवर बसून थर्मासातला चहा ओतायला लागला. "साब, लाल झंडा है. आप ही ने लगवाया है." साहेबांनी मग स्वतःच वर फोन केला. मी जवळच होतो. पलीकडून कुणीतरी बरंच काही बोलत होतं. साहेब ऐकत होते, आणि मग मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, "नाही सर. बाराच्या आधी जमणार नाही." फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

बाराला दोन मिनिटं कमी असताना झेंडे उतरले. साहेब अजून तिथेच उभे होते. "तीन तास थांबवलं तुम्ही," ते म्हणाले. "काय सापडलं?"

"कायच नाय," जिवली म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाय. सगल्या चाव्या घट्ट. खडी जागेवर. कायच नाय मिलालं." तिचा चेहरा उजळला होता, घरी काही चांगलं घडल्यासारखा. "सापडायला पायजे होतं का, साहेब?"

दिग्विजयसाहेबांना हसू आलं, आधी नाकातल्या नाकात, मग मोकळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा मागितला. मी विचारलंही नाही कशाला. फाटकाच्या खांबावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: बुधवार, ८ ते १२, लाईन बंद. अक्षर जरा तिरकं आलंय, पण मोठं आहे.

एक चाक न घसरता वर्ष गेलं तेव्हा जिवलीच्या टोळीने शिरगावला जायचं ठरवलं. एका रविवारी टेम्पोतून सगळे गेलो, बायकापोरांसकट. किल्ल्याच्या तटावर बसून खाल्लं, मग समुद्रावर. बबलू पँट न दुमडताच पाण्यात शिरला. पुष्पलता आणि जिवली वाळूत बसून माझ्याकडे बघून हसत होत्या. भावना त्या वेळी बारावीला होती. ती म्हणाली, तिला प्रियदर्शिनी मॅडमसारखं रुळांचं काम शिकायचंय. जिवली म्हणाली, "शीक. पन आधी वाजवून बगायला शीक. ते कागदात नाय लिवलेलं." आता भावना पालघरला डिप्लोमाला आहे, आणि सुट्टीत आली की आईबरोबर लाईन चालते.

गेल्या महिन्यात मिलने दुसरं इंजिन घेतलं. नवीन नाही, पण बरं आहे. हार घातला, पाट मांडला, गुरुजी आले. वरचे साहेब लोकही आले होते. दिग्विजयसाहेबांनी नारळ जिवलीबाईंच्या हातात दिला. "तुम्ही फोडा."

जिवलीबाईंनी नारळ माझ्या हातात ठेवला, पदर कमरेला खोचला, बॅटरी घेतली आणि इंजिनाखाली शिरल्या. आधी पाय दिसत होते, मग तेही दिसेनात. आतून ठकठक ऐकू यायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गुरुजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली. वरच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. दिग्विजयसाहेब शांतपणे म्हणाले, "थांबा जरा. बघू द्या त्यांना."

वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत काळे, गालावर ग्रीसचा पट्टा. "मागच्या चाकाची ब्रेकची पट्टी झिजलीय," त्या म्हणाल्या. "बाकी चांगलं हाय."

मी पेटीकडे गेलो. इंजिन येणार म्हणून तशा पट्ट्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या. बबलू आणि तो फाटकाजवळच्या तुकड्याचा मालक, दोघांनी मिळून पट्टी बदलली. पाहुण्यांना चहा दिला. सगळं झाल्यावर जिवलीबाईंनी साबणाने हात धुतले, नारळ उचलला आणि एका फटक्यात फोडला. पाणी इंजिनावर उडालं, थोडं गुरुजींवरही. बबलूने हॉर्न दाबला, आणि नवं इंजिन अगदी सावकाश, माणसाच्या चालीने, आमच्या लाईनीवर निघालं. आम्ही सगळे त्याच्या बाजूने चालत गेलो.